विजापूर : आदिलशाहीतील पाणीव्यवस्था

आदिलशाहीची राजधानी विजापूर (सध्याचे विजयपुरा, कर्नाटक राज्य) येथे सोळाव्या-सतराव्या शतकांत बावड्या (पायऱ्यांच्या मोठ्या विहिरी), तलाव, भुयारी कालवे, खापरी नळ आणि ‘गंज’ नावाचे जलमनोरे यांच्या साहाय्याने उभी राहिलेली सार्वजनिक पाणीपुरवठ्याची व्यवस्था. आदिलशाही १४९० मध्ये यूसुफ आदिलखानाने स्थापन केली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने ती संपवली. या दोन शतकांतील विजापूर म्हटले की गोलघुमट डोळ्यांपुढे येतो. पण लोकांना रोज लागणारे पाणी शहरात कसे येत होते, हे पाहिल्यावर या सल्तनतीचा समाज अधिक जवळून दिसतो.

विजापूरला नदी नाही. भीमा उत्तरेस आणि कृष्णा दक्षिणेस, दोन्ही दूर. जवळच्या डोणी नदीचे पाणी खारट. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, खाली काळा पाषाण. अशा जागी राजधानी वसली ती लष्करी आणि राजकीय सोयीने, त्यामुळे पाण्याची तजवीज मागाहून करावी लागली. १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी तालीकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. त्यानंतर विजापुरात संपत्ती आली आणि त्याहून अधिक संख्येने माणसे आली. पहिल्या अली आदिलशहाने (कार. १५५८–१५८०) सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट बांधला, पण तटाच्या आतील वस्तीला प्यायला काय द्यायचे हा प्रश्न तटाने सुटणार नव्हता. शहराच्या पूर्व भागातील चाँद बावडी याच काळातली. सुलतानाने ती आपली बेगम चाँदबीबी हिच्या नावे बांधली. सुमारे दोन कोटी लिटर पाणी मावणाऱ्या या बावडीचा नमुना पुढे शहरातील इतर बावड्यांनी उचलला.

पश्चिमेकडील तोरवी या गावचे पाणी शहराकडे आणण्याचा प्रयत्नही अलीच्याच काळात सुरू झाला असे मानले जाते. ही योजना इराणी कारेझच्या धर्तीची आहे. उंचावरील जमिनीत पाण्याचा साठा शोधायचा, तेथून अगदी मंद उतार देत भुयार खणत न्यायचे आणि ठरावीक अंतरावर वरून उभी विवरे पाडायची. ही विवरे खोदताना माती उपसायला आणि नंतर भुयारात उतरून गाळ काढायला उपयोगी पडत. औरंगाबादेत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने अशाच पद्धतीने नहर (पाण्याचा कालवा) आणली. खेचायला काही यंत्र नाही, उतार हीच सारी शक्ती. म्हणून उतार चुकला की काम फुकट. तोरवीजवळच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (कार. १५८०–१६२७) १५९९ मध्ये नवरसपूर हे नवे नगर वसवायला घेतले, १६२४ मध्ये मलिक अंबराच्या फौजेने ते उद्‌ध्वस्त केले.

इब्राहिमच्या काळातील सर्वांत देखणे जलस्थान म्हणजे पश्चिमेकडील मक्का दरवाजाजवळची ताज बावडी (१६२०). मलिक संदल या दरबारी अधिकाऱ्याने ती सुलतानाची बेगम ताज सुलताना हिच्या सन्मानार्थ बांधली. इब्राहिम रोजा या प्रसिद्ध वास्तूच्या उभारणीशीही त्याचेच नाव जोडलेले आहे. बावडीच्या तोंडाशी सुमारे ३५ फूट रुंदीची भव्य कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज आहेत. कमानीखालून आत गेले की पायऱ्या दोहों बाजूंनी पाण्याच्या चौरस कुंडाकडे उतरतात. कुंडाची बाजू सुमारे ६८ मीटर भरते. बाजूच्या दालनांत वाटसरूंनी उतरावे अशी सोय होती, म्हणजे पाणवठा आणि धर्मशाळा एकाच वास्तूत.

या कामांवरची नावे पाहिली तर आदिलशाही समाजाचा वरचा थर समोर येतो. दरबारात इराण-तुराणहून आलेले आफाकी, येथेच मुरलेले दख्खनी मुसलमान आणि हबशी यांच्यात सतत चुरस असे. पहिल्या इब्राहिमने (कार. १५३४–१५५८) आफाकींना बाजूला सारून दख्खनींना जवळ केले आणि हिशेबाच्या दफ्तरातून फारसी काढून हिंदवी आणली, त्याचा फायदा ब्राह्मण कारकुनांना झाला. मराठा सरदारही या राज्याचे आधारस्तंभ होते. अशा दरबारात बावडी बांधणे हे पुण्य होते, तसेच आपली आणि आपल्या धन्याची पत चारचौघांत मिरवण्याचा तो मार्ग होता. बेगमांची नावे पाणवठ्यांना मिळाली, त्यामागेही हाच हिशेब दिसतो. खोदकाम करणारे, नळ भाजणारे कुंभार आणि चुना मळणारे मजूर मात्र यांपैकी कोणत्याही नावात नाहीत.

महंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत (१६२७–१६५६) ही व्यवस्था पूर्णत्वाला गेली. शहराच्या दक्षिणेस १६५१ मध्ये जहान बेगमच्या स्मरणार्थ बेगम तलाव बांधण्यात आला. त्याचा विस्तार २३४ एकर आहे. तलावालगतच्या एका भूमिगत खोलीतून पाणी भाजक्या मातीच्या खापरी नळांत सोडले जाई. हे नळ एकमेकांत बसवून भोवती दगड-चुन्याचे वेष्टन देत आणि १५ ते ५० फूट खोल पुरत. वाटेत २५ ते ४० फूट उंचीचे गंज उभे केलेले असत. नळातून आलेले पाणी गंजात चढे, तेथे त्याचा दाब ओसरे आणि मग ते पुढच्या नळात उतरे; त्यामुळे मातीचे नळ फुटत नसत. शिवाय गाळ तळाशी बसून नितळ पाणी पुढे जाई. वरवर साधा दिसणारा हा मनोरा म्हणजे या साऱ्या योजनेतील खरी हुशारी होय, असे म्हणायला हरकत नाही.

अशाच एका गंजावरील शिलालेख मराठी वाचकाला थबकायला लावणारा आहे. सुलतान महंमदाच्या आज्ञेवरून हे पाण्याचे काम ईश्वराच्या लेकरांच्या सोयीसाठी अफजलखानाने केले, असा त्याचा आशय आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये मारला गेलेला सरदार तो हाच. आपल्या बखरींतून आणि पोवाड्यांतून जो अफजलखान परिचित आहे, त्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

महाराष्ट्रात आदिलशाही जलस्थापत्याचा उत्तम नमुना नळदुर्गच्या किल्ल्यात (जि. धाराशिव) आहे. दुसऱ्या इब्राहिमच्या काळात येथे बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीतच पाणीमहाल रचला गेला. पावसाळ्यात धरण भरले की पाणी दोन सांडव्यांवरून कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात.

संकटकाळी हेच पाणी शस्त्रही ठरले. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजा जयसिंग विजापूरवर चालून आला, तेव्हा पुरंदरच्या तहामुळे शिवाजी महाराज त्याच्या सैन्यात होते. विजापूरकरांनी नवरसपूर आणि शहापूरचे तलाव रिकामे केले, भोवतालच्या विहिरी निकामी केल्या आणि झाडे तोडली. चारापाण्यावाचून हैराण झालेल्या मोगली फौजेला जानेवारी १६६६ मध्ये मागे फिरावे लागले. वीस वर्षांनी औरंगजेबाने दीर्घ वेढा घालून १२ सप्टेंबर १६८६ रोजी शहर घेतले.

त्यानंतर राजधानीपण गेले आणि वस्ती ओसरली. नळ आणि गंज यांची निगा राखायला दरबार उरला नाही. नळ जागोजाग बुजले. १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापुरास आले, तेव्हा शहरात पुन्हा माणसांची वर्दळ सुरू झाली. ताज बावडीचे पाणी मूर्तिविसर्जन आणि कचऱ्याने खराब झाले होते. अलीकडच्या काळात तिच्यातील गाळ उपसण्यात आला. शहरात काही गंज अजून उभे आहेत.