लॅटिन प्रेम-एलिजी

रोममध्ये इ. स. पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात बहरलेला आणि जेमतेम पन्नास वर्षांत ओसरलेला काव्यप्रकार. ‘एलिजी’ला मराठीत ‘विलापिका’ हा पर्याय रूढ आहे. या प्रकारापुरता तो फसवा ठरतो. मृत्यूचा शोक या कवितांत अधूनमधून येतो, पण बहुतेक ठिकाणी कवी जिवंत प्रेयसीच्या बंद दाराबाहेर रात्र काढत असतो. (आपल्या काव्यशास्त्रातील वासकसज्जा किंवा खंडिता ही नायिका घरात बसून वाट पाहते, येथे उंबऱ्याबाहेर ताटकळतो तो पुरुष.) नाव पडले आहे ते छंदावरून. ग्रीक ‘एलेगोस’ म्हणजे बासरीसारख्या वाद्याच्या साथीने गायिलेला विलाप, अशी व्युत्पत्ती प्राचीन वैयाकरण देत. मात्र या छंदातील सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रीक कविता युद्ध, राजकारण आणि मद्यपानाच्या बैठका यांविषयी आहेत, त्यामुळे ती व्युत्पत्ती जपूनच घ्यावी लागते.

छंद द्विपदीचा आहे. पहिली ओळ महाकाव्याची, सहा गणांची; दुसरी पाच गणांची, मध्ये तुटणारी. लॅटिनमध्ये गणाला ‘पाय’ असाच शब्द आहे आणि रोमन कवी ऑव्हिडने त्यावर कोटी केली आहे. ‘आमोरेस’ या आपल्या संग्रहाच्या आरंभी तो युद्धकाव्य लिहायला बसतो, पहिला शब्दही व्हर्जिलच्या महाकाव्याचाच, ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे, असा योजतो. तेवढ्यात मदन हसतो आणि दुसऱ्या ओळीचा एक पाय चोरून नेतो. त्याच संग्रहाच्या तिसऱ्या भागात एलिजी स्त्रीरूपाने अवतरते, तेव्हा तिचा एक पाय दुसऱ्याहून लांब असतो.

कवींची परंपरा ऑव्हिडनेच (इ. स. पू. ४३ – इ. स. सु. १७) हद्दपारीत लिहिलेल्या आत्मकथनात नोंदवून ठेवली: गॅलस, टिबलस, प्रोपर्शिअस आणि चौथा आपण. पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियनने हीच चार नावे घेतली. टिबलस त्याला सर्वांत घोटीव वाटतो. काहींना प्रोपर्शिअस अधिक आवडतो, हेही तो नमूद करतो. टिबलसचा मृत्यू इ. स. पू. १९ च्या सुमारास झाला. प्रोपर्शिअसचे पहिले पुस्तक इ. स. पू. २८ च्या आसपासचे मानतात. आधीच्या पिढीतला कवी कटलस या यादीत नाही. पण त्याची अडुसष्टावी कविता, जिच्यात स्वतःचे प्रेम, भावाचा मृत्यू आणि लाओडामियाची पुराणकथा एकमेकांत गुंफली आहेत, ती या प्रकाराची दारावरची पायरी समजली जाते.

उगमाचा वाद : अभ्यासकांची सर्वाधिक शाई या प्रश्नावर खर्ची पडली आहे. कवी स्वतःच्या प्रेमाची कथा प्रथमपुरुषी, एकाच स्त्रीभोवती, पुस्तकभर लांबवतो. ही पद्धत रोमने ग्रीकांकडून तयार घेतली, की घडवली? फ्रीडरिख लिओ यांनी १८९५ मध्ये रोमन नाटककार प्लॉटसच्या प्रहसनांचा अभ्यास करताना दाखवले, की प्रहसनांतील आणि एलिजीतील प्रेमिकांच्या तक्रारी, कुंटिणी, श्रीमंत प्रतिस्पर्धी हे सारे शब्दाशब्दांत जुळते. यावरून दोन्हींमागे आता लुप्त झालेली हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या काळातील ग्रीक) ‘आत्मनिष्ठ’ एलिजी असावी, असा तर्क पुढे आला. फेलिक्स याकोबी यांनी १९०५ मध्ये तो खोडून काढला. अशी एलिजी हरवली नाही, ती कधी नव्हतीच. गॅलसने ग्रीक प्रेमविषयक सुभाषितवजा लघुकविता (एपिग्राम) आणि नवप्रहसन (प्लॉटसने ज्यावरून नाटके रचली ती ग्रीक प्रहसने) यांतून नवा प्रकार उभा केला, असे त्यांचे म्हणणे.

याकोबींच्या बाजूचा एक पुरावा कुणालाही ताडून पाहता येतो. प्रोपर्शिअसच्या पहिल्या पुस्तकाची पहिली ओळ, सिंथियाने (ही त्याची नायिका) आपल्या डोळ्यांनी मला बिचाऱ्याला प्रथम पकडले, ही आणि पुढच्या तीन ओळी ग्रीक कवी मेलिएजरच्या एका एपिग्रामवर बेतलेल्या आहेत. मेलिएजरची कविता तिथेच संपते. प्रोपर्शिअस मात्र पुढे पुस्तकभर चालू राहतो. शिवाय मूळ कवितेत पकडणारा मुलगा आहे.

उलट बाजूला अँटिमॅकस आणि कॅलिमॅकस या ग्रीक कवींच्या ‘लिडे’ आणि ‘आयतिया’ या काव्यांची नावे घेतली जातात. पहिल्या काव्याला कवीच्या प्रेयसीचे नाव आहे खरे, पण प्राचीन उल्लेखांवरून पाहता त्यात तिच्या मृत्यूनंतर सांत्वनासाठी रचलेल्या पुराणकथाच होत्या. ‘आयतिया’चे पपायरस-तुकडे विसाव्या शतकात वाढत गेले तसे कॅलिमॅकसचे ऋण अधिक स्पष्ट झाले, परंतु ते शैलीचे आणि काव्यविषयक भूमिकेचे. प्रेमकथा तेथेही इतरांचीच आहे. आर्चिबाल्ड डे यांनी १९३८ मध्ये कथनपर एलिजी, एपिग्राम, प्रहसन आणि वक्तृत्वशाळेतील अभ्यास असे अनेक झरे मानून मधला मार्ग काढला. आज बहुतेक अभ्यासक याकोबींचा निष्कर्ष ढोबळमानाने स्वीकारतात, त्यांचा काटेकोरपणा मात्र सोडून देतात. उपलब्ध साहित्य पाहता ते योग्यच वाटते.

कस्र इब्रीमचा पपायरस : वादाची अडचण अशी, की ज्याच्याकडे उगम जातो त्या गॅलसची एकच ओळ शिल्लक होती, तीही एका नदीविषयी. गॅलस हा ईजिप्तचा पहिला रोमन प्रशासक. ऑगस्टसची मर्जी गेल्यावर इ. स. पू. २७ किंवा २६ मध्ये त्याने आत्महत्या केली. १९७८ मध्ये ईजिप्तच्या नूबियातील कस्र इब्रीम या किल्ल्याच्या उत्खननात, कचऱ्याच्या थरात, लॅटिन पपायरसचे तुकडे सापडले. अँडरसन, पार्सन्स आणि निस्बेट यांनी ते पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. वाचता येण्याजोग्या ओळी जेमतेम नऊ. शब्दांमध्ये ठिपके आहेत, लेखन जुन्या वळणाचे आहे आणि द्विपदीतील दुसरी ओळ किंचित आत सरकवून लिहिली आहे, आजही छापतात तशी. रोमन फौज त्या किल्ल्यात इ. स. पू. २५ ते २० च्या सुमारास होती. म्हणजे ही प्रत कवीच्या हयातीतली नसली, तरी मृत्यूनंतर फार उशिराची नसावी.

पहिल्याच ओळीत ‘लिकोरिस, तुझ्या’ हे शब्द आहेत. लिकोरिस ही गॅलसची नायिका, म्हणजे सिथेरिस ही नटी. पुढे सीझरला उद्देशून चार ओळी आहेत: तू रोमच्या इतिहासाचा सर्वांत मोठा भाग होशील, तेव्हाच माझे नशीब गोड. हा सीझर ज्यूलिअस की ऑक्टेव्हिअन (पुढचा ऑगस्टस), यावर एकमत नाही. नंतर कवी म्हणतो, की कलादेवतांनी अखेर माझ्या ‘डोमिना’ला साजेशा कविता घडवल्या. डोमिना म्हणजे गुलामांची मालकीण. प्रेमातील दास्याच्या या कल्पनेवर कॉपली यांनी १९४७ मध्ये लिहिले होते. लाइन यांनी १९७९ मध्ये ती फुलवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी प्रोपर्शिअसला दिले. त्याच वर्षी छापल्या गेलेल्या या तुकड्यामुळे, निदान हा शब्द तरी गॅलसपाशी होता, असे म्हणता येते. फ्रान्झ ब्रुनहॉल्झल यांनी १९८४ मध्ये पपायरस बनावट असल्याची शंका घेतली. ती फारशी टिकली नाही.

चरित्र की खेळ : दुसऱ्या शतकात अप्यूलियस या लेखकाने नायिकांची टोपणनावे उघड केली: कटलसची लेस्बिया म्हणजे क्लोडिया, प्रोपर्शिअसची सिंथिया म्हणजे होस्टिया, टिबलसची डेलिया म्हणजे प्लॅनिया. खरे आणि खोटे नाव छंदाच्या मापात तंतोतंत बसते, म्हणजे एकाच्या जागी दुसरे घालून ओळ म्हणता येते. एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी एवढ्या आधारावर प्रेमप्रकरणांची सनावळी मांडली. प्रोपर्शिअस ‘पाच वर्षे चाकरी केली’ म्हणतो, तर त्या पाच वर्षांत कविता वाटून टाकल्या. मात्र लिकोरिस, डेलिया, सिंथिया ही तिन्ही नावे अपोलो या काव्यदेवतेच्या विशेषणांवरून आली आहेत, हेही तितकेच खरे आहे.

आर्चिबाल्ड अ‍ॅलन यांनी १९५० मध्ये दाखवले, की रोमन वाचकाच्या लेखी कवीचा ‘सच्चेपणा’ ही शैलीची बाब होती, कबुलीजबाबाची नव्हे. पॉल व्हेन यांनी १९८३ मध्ये ही बाजू टोकाला नेली: एलिजी हा खेळ आहे, कवी स्वतःलाच हसतो आहे. जॅस्पर ग्रिफिन यांनी दोनच वर्षांनी उलट सांगितले, की मेजवान्या, अत्तरे, गणिका हे सारे तत्कालीन रोममध्ये प्रत्यक्ष होतेच. संकेत आणि जीवन असे दोन कप्पे पाडणेच चूक. व्हेन यांचे पुस्तक वाचायला अधिक मजेदार आहे, ग्रिफिन यांची भूमिका अधिक सावध.

स्त्रीवादी अभ्यासाने प्रश्नच बदलला. ज्यूडिथ हॅलेट यांनी १९७३ मध्ये या कवितांत रूढ पुरुषी मूल्यांना नकार वाचला. मारिया वाइक यांनी १९८७ मध्ये सिंथिया ही ‘लिहिलेली’ स्त्री आहे, तिचे अवयव म्हणजे कवीच्या काव्यभूमिकेचेच रूपक, असे मांडले. शॅरन जेम्स यांनी २००३ मध्ये नायिकेच्या बाजूने वाचन केले: तारुण्य असेपर्यंत कमाई करणे भाग असलेल्या गणिकेला हा कवी भेटवस्तूऐवजी कविता देऊ पाहतो. दार बंद का राहते, याचे इतके साधे उत्तर त्याआधी क्वचितच कुणी गंभीरपणे घेतले होते.

सुल्पिशिया : टिबलसच्या नावावरील संग्रहाच्या तिसऱ्या पुस्तकात एका स्त्रीच्या तोंडच्या सहा छोट्या कविता आहेत, मिळून चाळीस ओळी. ग्रुप्प यांनी १८३८ मध्ये त्या वेगळ्या काढल्या आणि त्यांतील भाषेला ‘बायकी लॅटिन’ म्हटले. हा शेरा पुढे शतकभर चिकटून राहिला. अलीकडे होल्त्सबर्ग आदींनी त्यांमागे पुरुष लेखक असल्याचे सुचवले आहे. बहुसंख्य अभ्यासक त्या सुल्पिशियाच्याच मानतात. या सहा कवितांत ती स्वतःचे पूर्ण नाव एकदाच घेते, तेही प्रियकराला उद्देशून, रागाने: लोकरीच्या टोपलीने वाकलेली कुणी बाजारबसवी तुला प्रिय असो, सर्वियसच्या मुलीपेक्षा, सुल्पिशियापेक्षा.