ऑर्केस्ट्राचा कंडक्टर

वाद्यवृंदापुढे उभं राहून नुसत्या हाताच्या खुणांनी सगळ्या वादकांना एका लयीत आणि एका विचारानं वाजवायला लावणारा संगीतकार म्हणजे कंडक्टर. पुस्तकी मराठीत वाद्यवृंद संचालक किंवा निर्देशक म्हणतात, पण नागपुरात कंडक्टर म्हटलं की आधी एसटीचा आठवतो, म्हणून इथले वादक त्याला अरेंजर, संयोजक नाहीतर नुसतं सर म्हणतात. स्टेजवर एकही सूर न वाजवणारा हा एकटाच संगीतकार असतो, आणि कार्यक्रम बिघडला की पहिला प्रश्न त्यालाच येतो.

हाताची भाषा तशी सोपी आहे. चार मात्रांचं माप असेल तर पहिली मात्रा खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे, चौथी वर, आणि तीनचं असेल तर खाली, उजवीकडे, वर. उजव्या हातात छोटी काठी म्हणजे बॅटन, त्यानं लय दाखवायची, आणि डावा हात आवाज वाढव, कमी कर, आता तू ये, असं सांगायला मोकळा ठेवायचा. आपल्याकडे टाळी-खाली हातानं दाखवतातच, त्यामुळे हे काही परकं वाटायला नको, पण एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते सगळी विद्या त्या फरकातच आहे. टाळी त्या मात्रेवरच पडते, आणि कंडक्टरचा हात मात्र पुढची मात्रा आधी सांगत असतो. तो थांबला म्हणजे वादक नुसते उशिरा नाही वाजवत, काय वाजवायचं याचा भरवसाच त्यांना राहत नाही.

सुरुवातीआधीचा जो एक ठोका असतो, ज्यात काहीच वाजत नाही, त्यात लय किती, जोर किती, सूर धारदार की मऊ हे सगळं सांगून व्हायला हवं, शिवाय बासरी-ट्रम्पेटवाले त्याच ठोक्यात श्वास घेतात, म्हणून चांगला कंडक्टर स्वतःही तिथे श्वास घेतो. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेची, सुरुवात कुठेतरी कानावर पडलेली असतेच, ते तीन छोटे आणि एक लांब सूर. कागदावर ती सुरुवात सुरानं होत नाही, आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती आहे. म्हणजे हात खाली येतो तेव्हा शांतता असते आणि सगळ्या तंतुवाद्यांनी त्या शांततेनंतर बरोबर एकत्र पडायचं असतं. भल्याभल्यांची परीक्षा इथे होते.

हा माणूस कायमच असा वेगळा उभा नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकात हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, वाजवणारा किंवा पहिला व्हायोलिनवादकच बाकीच्यांना सांभाळायचा, आणि फ्रान्समध्ये लुली हा संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, तीच काठी पायावर लागून जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो गेला. पुढे ऑर्केस्ट्रा मोठा होत गेला आणि वाजवता वाजवता सांभाळणं जमेना. १८२४ मध्ये बीथोवनची नववी सिम्फनी पहिल्यांदा झाली तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं, तो पुढे होता पण वादकांचं लक्ष शेजारी ताल देणाऱ्या उमलाउफ या संचालकाकडे होतं. संगीतकार मेंडेलसोन १८३५ पासून जर्मनीत लाइपझिगच्या ऑर्केस्ट्राचा संचालक होता, आणि आज आपण ज्याला कंडक्टर म्हणतो ते काम साधारण त्याच काळात पक्कं झालं.

बहुतेक काम घरी, एकट्यानं आणि आवाजाशिवाय होतं. फुल स्कोअर म्हणजे एका पानावर वीस-पंचवीस वाद्यांच्या ओळी एकाखाली एक, आणि त्याही सरळ नाहीत, बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी सी लिहिला असेल तर ऐकू बी फ्लॅट येतो, एफ हॉर्नचा लिहिलेला सूर पाच स्वर खाली वाजतो. पेटीवाल्याला कळेल, काळी चारचं गाणं सफेद एकमध्ये लिहून ठेवल्यासारखं, फक्त इथे दहा वाद्यांचं एकदम. हे सगळं डोक्यात वाजायला लागेपर्यंत रिहर्सलला जाण्यात अर्थ नसतो, कारण रिहर्सलमध्ये काय चुकलं हे ओळखायला बरोबर काय ते आधी आत ऐकू यावं लागतं.

भारतात हा वारसा मुख्यतः मुंबईत. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यांचा मुलगा झुबिन १९३६ चा, तो १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ चा. आकाशवाणीनं दिल्लीत वाद्यवृंद केला त्याचे पहिले संचालक रविशंकर, आणि सिनेमाच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसूझा, अनिल मोहिले यांच्यासारख्या अरेंजरांनी हेच काम केलं, श्रेयनामावलीत नाव अनेकदा आलं नाही तरी.

नागपुरात पूर्णवेळ सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही, पण काम आहे, फक्त विखुरलेलं. कामठीला गार्ड्स रेजिमेंटल सेंटर आहे, लष्करी बँडची परंपरा तिथली. सदर, सिव्हिल लाइन्सच्या चर्चमध्ये नाताळच्या आधी कॉयर, म्हणजे समूहगायन, बसवतात. लग्नाच्या बँडमध्ये मास्तर कॉर्नेट वर उचलून गाणं बदलायचं सांगतो, ढोल-ताशात ताशावाला. आणि सगळ्यात जास्त म्हणजे फिल्मी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, वसंतराव देशपांडे सभागृहात नाहीतर रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात, जिथे अरेंजरच बहुतेक वेळा कीबोर्ड वाजवता वाजवता मान हलवून पीस, म्हणजे गाण्यातला वाद्यांचा तुकडा, उचलायला सांगतो. वादक दिवसा बँकेत, शाळेत, दुकानात, मग संध्याकाळी रिहर्सल, त्यातही ढोलकवाला साडेआठला येतो. गायिका म्हणते पट्टी अर्धा सूर खाली घ्या, आणि लिहून आणलेले सगळे पीस तिथल्या तिथे बदलायचे. अशा वेळी सर ओरडले तर ढोलकवाला लगेच, काय ओरडून राहिले सर, म्हणतो आणि पुढचा तास गेलाच समजा. ज्यांच्या रिहर्सल लवकर संपतात ते सर अंतऱ्यात चूक ऐकूनही गाणं थांबवत नाहीत, शेवटी दोनच जागा सांगतात, तेवढ्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतात. जगातही हुकूमशहा कंडक्टरांचा, तोस्कानिनींसारख्यांच्या रागाचा, काळ मागे पडला, २००७ मध्ये मरिन ऑल्सॉप अमेरिकेतल्या बाल्टिमोर सिम्फनी ऑर्केस्ट्राची संगीत संचालक झाली आणि मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राची अशी पहिली बाई ठरली, तीही काही धाक दाखवून नाही.

इथली हवा हा वेगळाच विषय आहे. ऑर्केस्ट्रा ओबो या सनईसारख्या वाद्याच्या ए या सुरावर, साधारण ४४० हर्ट्झला, सूर लावतो. डिसेंबरात उघड्या मैदानावर रात्री नऊ वाजता गारठा पडला की बासरी, ट्रम्पेट खाली येतात, कारण थंड हवेत आवाजाचा वेग कमी, आणि गिटार-व्हायोलिनच्या तारा आकसून वर चढतात, कीबोर्ड मात्र जिथल्या तिथे. दोन भाग उलट्या दिशांना सरकतात आणि मधे गायक. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणून सूर वर जातो तो वेगळाच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून पंधरा मीटर मागच्या ड्रमचा ठोका पुढे पोचायला जवळपास ०.०४४ सेकंद लागतात, मागच्यांनी कानावर विसंबून वाजवलं तर ते कायम मागेच राहतात, त्यांना हातावरच वाजवायला शिकवावं लागतं. हे सांगणं सोपं, पण आयुष्यभर कानावर वाजवलेल्या माणसाला कान बाजूला ठेव म्हणणं फार जड जातं, दोघांनाही.

शरीराचीही झीज होते, खांदा आणि मान आधी बोलतात, कारण दोन-दोन तास हात छातीच्या वर धरायचे असतात. तरी लोक खूप वय होईपर्यंत हे काम करतात, कंडक्टर हर्बर्ट ब्लूमश्टेट १९२७ चे, पंचाण्णव ओलांडल्यावरही कार्यक्रम करत होते.

नागपुरातल्या मुलांनी ही वाट धरायची तर पियानो किंवा व्हायोलिन, स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा इथवर गावातच होतं, पुढे मुंबई किंवा परदेश. पण हात मोकळा करायला मोठा ऑर्केस्ट्रा लागत नाही, शाळेच्या समूहगीतातले सहा जण पुरतात. त्यांना समोर उभं करायचं, तोंडानं एक-दोन-तीन म्हणायचं नाही, नुसता तो पहिला रिकामा ठोका द्यायचा आणि सहाही जण एकाच वेळी सुरू होतात का ते ऐकायचं, नाही झाले तर पुन्हा.