देवमासा ओळखायचा तर आधी त्याचा श्वास बघा

जानेवारीत आम्ही ठाण्यातले तिघं आणि बोटीचा स्किपर असे चौघं मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने निघालो होतो. जयगड मागे पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मतलई वारा पडत आला, इंजिन बंद, शीड नुसतं लोंबतंय, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, फूऽऽस. कुकरची शिट्टी वर उचलली की वाफ सुटते ना तसा, पण जाड आणि लांब. मी वळून बघेपर्यंत एक धूसर फवारा विरत चालला होता आणि त्याखालून काळसर करडी पाठ सावकाश पुढे सरकत होती. इंजिन चालू असतं तर हा आवाज आम्हाला ऐकूच आला नसता.

नाव देवमासा असलं तरी तो मासा नाही, आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, आणि त्याला ओळखायची सुरुवात तिथूनच होते. लहानपणी चित्रात बघितलेलं असतं की त्याच्या डोक्यातून कारंजं उडतंय, पण ते पाणी नसतं, उच्छ्वास असतो. फुप्फुसातली गरम दमट हवा जोरात बाहेर पडते, पसरते, गार होते आणि बाष्पाचे बारीक थेंब होतात, शिवाय नाकपुडीवरचं थोडं पाणी आणि आतला चिकट स्राव त्यात मिसळलेला असतो, म्हणून आपल्या उकाड्याच्या समुद्रातही तो दिसतो. फक्त फार वेळ टिकत नाही, त्यामुळे सूर्य समोर असेल त्या बाजूला जास्त लक्ष ठेवायचं, उजेडाविरुद्ध फवारा चमकतो.

आता फवाऱ्याचा आकार. निळ्या देवमाशाचा फवारा उभा, सरळ खांबासारखा, ९ मीटर किंवा त्याहूनही उंच, म्हणजे तीन मजली बिल्डिंगएवढा. हंपबॅक या जातीच्या देवमाशाचा बुटका आणि झुडपासारखा पसरट. स्पर्म व्हेल या मोठ्या डोक्याच्या जातीचा तर चुकूच शकत नाही, कारण त्याची एकच नाकपुडी डोक्याच्या टोकाला डावीकडे असते आणि फवारा तिरका, पुढे आणि डावीकडे जातो. तो श्वास घेत पाण्यावर ओंडक्यासारखा पडून राहतो आणि मग बुडी मारली की पाऊण तास गायब. पण वारा असेल तर कुठलाही फवारा वाकतो, म्हणून एकावरून ठरवू नका, तीन-चार बघा.

फवाऱ्यानंतर लगेच पाठ बघायची आणि मनात मोजायचं, पाठीवरचा पंख कधी येतो? निळ्या देवमाशाची पाठ संपतच नाही, आणि अगदी शेवटी शेपटीजवळ एक इवलासा पंख येतो. आमच्याकडे मात्र फवारा विरतोय तोवरच पंख वर आला होता, चांगला उंच, कोयत्यासारखा मागे वाकलेला. मग पाठ गोल झाली आणि तो खाली गेला, शेपूट काही वर आली नाही. हंपबॅक आणि स्पर्म व्हेल खोल बुडी मारताना बहुतेक वेळा शेपूट पाण्याबाहेर काढतात, ब्रुडस व्हेल ही आणखी एक जात, ती जवळजवळ कधीच नाही. (स्पेलिंग बघून बरेच जण ब्राइड म्हणतात, पण डर्बनला व्हेलिंग स्टेशन, म्हणजे देवमाशांच्या शिकारीचा तळ, काढणाऱ्या योहान ब्रुड या नॉर्वेजियन माणसावरून ते नाव पडलंय.) ब्रुडसची पक्की खूण म्हणजे डोक्यावर लांबीने जाणाऱ्या तीन उंच रेघा, त्याच्या जवळच्या नातेवाइकांना मधली एकच असते.

तो गेला तिथे पाण्यावर एक गुळगुळीत गोल राहिला होता, आजूबाजूला बारीक लाटा आणि मध्ये आरशासारखा चट्टा. शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी वर ढकललं जातं त्याचा तो ठसा. एकामागून एक असे तीन ठसे दिसले, त्यावरून तो दक्षिणेला चाललाय हे कळलं, आणि मग वाऱ्याच्या हलक्या झुळकेबरोबर वास आला, सडक्या मासळीचा, चांगलाच उग्र. माझा मित्र एवढा वेळ मोबाइल धरून उभा होता, त्याच्या फोटोत फक्त पाणी आलं.

फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. शेपूट वर येत असेल तर नक्की काढा, कारण हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. आणि अरबी समुद्रातले हंपबॅक जगात वेगळेच आहेत, बाकीचे ध्रुवांकडे जाऊन येतात, हे इथेच राहतात. ओमानच्या बाजूला शंभरहून कमी असावेत असा अंदाज आहे. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात बेकायदा २४२ मारले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ लुबान नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला आणि ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यापर्यंत आली. कोकणासमोर शिडाच्या बोटीवरून कोणी काढलेला एक स्वच्छ फोटो म्हणूनच खरंच मोलाचा ठरू शकतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी देवमासा बघितलाय तो किनाऱ्याला लागलेलाच, २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा, २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला निळ्याचं पिल्लू, लोकांनी त्याच्या अंगावर पाणी ओतत जीव तोडून मेहनत केली तरी ते वाचलं नाही. मला तो जिवंत, श्वास घेताना बघायला मिळाला हे माझं मोठं नशीब.

जाणार असाल तर सराव इथेच करा. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला खाडीत बोट जाते ना, त्यात बसून घड्याळाच्या तबकडीसारखं बोटीचं नाक बारा वाजता धरा आणि प्रत्येक पक्षी किती वाजता, किती मीटरवर ते मोठ्याने सांगा. समुद्रात 'तिकडे तिकडे' ओरडून कोणालाच काही दिसत नाही. आणि देवमासा दिसलाच तर त्याच्या मागे बोट वळवू नका, आडवंही जाऊ नका, आहे त्या दिशेने संथ जात राहा.

आमच्या वहीत त्या सकाळी असं लिहिलंय: ७:४०, चार वाजता, साधारण १५० मीटर, फवारा ३ मीटर उभा, पंख लगेच, वाकलेला, शेपूट नाही, डोकं दिसलं नाही. बहुतेक ब्रुडस. स्किपरने 'बहुतेक' खाली दोनदा रेघ मारली, डोक्यावरच्या तीन रेघा आमच्यापैकी कोणीच बघितल्या नव्हत्या.