साखरपुडा, वाङ्निश्चय आणि कॅथलिक विवाहाची तयारी

वसईत साखरपुडा होतो तेव्हा बहुतेक वेळा हॉल ठरलेला असतो, मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वेळही घेऊन झालेली असते. धर्मगुरू अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि जमलेल्या कितीतरी जणांना वाटते, अर्धे लग्न लागले. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, आज तसे मानत नाही. एके काळी मात्र जवळजवळ तसे मानत होती, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

बाराव्या शतकात युरोपातल्या धर्मशास्त्रींनी वचनाचे दोन प्रकार केले. ‘मी तुझ्याशी लग्न करीन’ हे भविष्यातले वचन म्हणजे वाङ्निश्चय. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ हे वर्तमानातले वचन म्हणजे थेट विवाह, मग तो धर्मगुरूंशिवाय, साक्षीदारांशिवाय, घराच्या मागच्या अंगणात झालेला का असेना. त्यातही वाङ्निश्चयानंतर दोघांचा शरीरसंबंध आला तर विवाह झाला असेच धरले जाई. ‘करीन’ आणि ‘करतो’ यांतला फरक सिद्ध कसा करायचा? गुपचूप लग्न करून नंतर नाकबूल होणाऱ्यांमुळे धर्मन्यायालये भरून गेली, आणि सोसायचे बहुधा स्त्रीलाच.

लग्नाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावे तीन वेळा पुकारणे, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार ही ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये घातलेली अट या गोंधळावरचा उपाय होती. नावे पुकारायची पद्धत 1215 पासून सर्वत्र लागू होती. ती या वेळी पक्की झाली. पण हा आदेश जिथे रीतसर जाहीर झाला तिथेच बांधील होता. बाकी ठिकाणी जुना नियम चालूच राहिला, आणि शरीरसंबंधावरून विवाह गृहीत धरणे थेट 1892 मध्ये थांबले. व्हॅटिकनच्या 1907 च्या आदेशाने वाङ्निश्चय लेखी हवा, सह्यांसह हवा, असे ठरवले. 1917 च्या संहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाने, तेच कायम ठेवले आणि वचन मोडले तरी लग्नाची सक्ती करता येणार नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येईल, असे सांगितले. 1983 च्या संहितेतही हक्क नुकसानभरपाईपुरताच आहे. बाकी नियम देशोदेशींच्या बिशपांवर सोपवले. 1984 च्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात तर वाङ्निश्चय मिस्सामध्ये करूच नये असे म्हटले आहे, लोकांनी त्याला लग्न समजू नये म्हणून. आपल्याकडे ही सूचना वाचायची खरी गरज आहे.

आपल्याकडे शब्द पक्का होतो तो सुपारी फुटल्यावर. गोव्यात 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, फर्मानाने नेमके तेच तोडले: लग्नात पान-सुपारी पाठवणे, हळद लावणे, देशी वाद्ये वाजवणे यांवर बंदी आली. वसई मात्र 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली. तिथल्या कॅथलिक घरांत हळद आजही लागते, आणि लागावीच. संस्काराला तिने कधी बाधा आणली नाही.

वाङ्निश्चयाचे वजन उतरत गेले तसे तयारीचे वाढले. जुना भर अडथळे शोधण्यावर होता: नाते जवळचे आहे का, आधीचे लग्न आहे का. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणि धर्मगुरूंपुढची स्वतंत्र चौकशी ही त्याचीच खूण. 1981 च्या पोपपत्राने तयारीचे तीन टप्पे सांगितले: लहानपणापासूनची, लग्नाआधीच्या काळातली आणि अगदी शेवटच्या महिन्यां-आठवड्यांतली. आपण तिसरा टप्पा तेवढा घेतला आणि तोही विवाहपूर्व शिबिरात बसवला. पैसा, सासू-सासरे, मुले, प्रार्थना, सगळे दोन-तीन दिवसांत. तेही पत्रिका छापल्यावर, जेव्हा ‘थांबूया’ म्हणण्याची हिंमत कुणात उरलेली नसते. 2022 मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या मार्गदर्शनात मधल्या टप्प्यासाठी साधारण वर्षभर सुचवले आहे. ते वर्ष साखरपुड्याच्या आधी सुरू व्हायला हवे.