लाल फिल्टर की पोलरायझर? आकाश सोडा, वाळूतली सावली बघा

जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर समचे धोरे आहेत. धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. कृष्णधवल फिल्म घेऊन तिथे जाणाऱ्या बहुतेकांना एकच फोटो हवा असतो: उजळ वाळू आणि वर काळंभोर आकाश. त्यासाठी कुणी लाल फिल्टर सुचवतं, कुणी पोलरायझर; दोन्ही लेन्सपुढे लावायच्या काचा. दोन्हींनी आकाश गडद होतं, म्हणून कुठलाही लावला तरी चालेल असं वाटतं. तसं मुळीच नाही.

लाल फिल्टर रंग बघून प्रकाश अडवतो. आकाशाचा निळा उजेड त्यातून जेमतेम जातो. निगेटिव्हवर तो भाग विरळ राहतो आणि प्रिंटमध्ये काळा पडतो. वाळू पिवळसर-तांबूस, म्हणून ती उजळते. पण खरी जादू सावलीत आहे. वाऱ्याने धोऱ्यावर उमटवलेल्या बोटभर लहरींच्या सावलीकडच्या बाजूला ऊन पोचत नाही, तिथे असतो तो आकाशाचा निळसर उजेड. लाल फिल्टर तोही कापतो आणि लहर न् लहर कोरल्यासारखी दिसते. मला वाळवंटात हा फिल्टर लागतो तो यासाठी, आकाश नंतर. मात्र खेजडी, म्हणजे आपली शमी, काळपट होते आणि उंटवाल्याचा लालभडक साफा पांढुरका.

पोलरायझरला रंगाशी देणंघेणं नाही. तो प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा बघतो, त्यामुळे साफा लाल की हिरवा याने त्याला फरक पडत नाही. आकाशाचा उजेड सूर्यापासून 90 अंशांवर सर्वाधिक ध्रुवीकृत, म्हणजे बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा फिरेल तो पट्टा सर्वांत गडद होणार. म्हणून सकाळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड केलंत तर फायदा, सूर्यासमोर किंवा सूर्याला पाठ करून जवळजवळ काहीच नाही. 24 मिमीची वाइड लेन्स असेल तर आकाश एका कडेला काळं, दुसऱ्या कडेला फिकट येतं. डार्करूममध्ये ते सारखं करताना जीव जातो.

मे महिन्यात धुळीने आकाश पांढुरकं झालं की दोघांचीही मात्रा फारशी चालत नाही.

एक्स्पोजरचं गणित: 125 आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) फिल्म, कडक ऊन, लेन्सचं छिद्र एफ/16 आणि शटर 1/125 सेकंद. 25 नंबरचा लाल फिल्टर 3 स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे 1/15, ट्रायपॉड लागणारच. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप खातो. लाल काचेतून कॅमेऱ्याचं मीटर फसू शकतं, तेव्हा फिल्टर काढून मोजा आणि 3 स्टॉप हाताने वाढवा. दोन्ही एकावर एक चढवू नका असं माझं मत आहे. सावल्या रिकाम्या होतात, आणि त्याच तर टिपायच्या आहेत.

कॅमेऱ्यात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असेल तर लाल फिल्टर बॅगेतच राहू द्या. त्या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही, निगेटिव्ह कोरी निघेल. तिथे पोलरायझरच लावा.