नगरपालिकेचं कर्ज शेवटी सरकारच फेडतं?

‘राज्याच्या संस्थेमार्फत आलेला पैसा म्हणजे अनुदानच, फेडायचं कोणाला पडलंय!’ हा समज चहाच्या टपरीपासून पालिकेच्या सभागृहापर्यंत पक्का आहे. तो चुकीचा आहे.

मोठं शहर स्वतःच कर्ज उभारू शकतं. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज घेण्याचे कागद, स्वतःच्या नावावर काढले. लहान गावाला ते झेपत नाही. म्हणून तमिळनाडूत 2002 मध्ये 13 लहान-मध्यम नागरी संस्थांची गरज एकत्र करून राज्याच्या एका निधी-संस्थेमार्फत सुमारे 30 कोटींचे रोखे विकले गेले, मुदत 15 वर्षं. या निधी-संस्थेने पैसा उभा केला आणि पुढे पालिकांना कर्जाऊ दिला. देणेकरी पालिकाच.

वसुलीची तजवीज बघा. पाणीपट्टी-घरपट्टीतून हप्त्याची रक्कम आधी वेगळ्या खात्यात जायची, उरलेल्यावर पालिकेचा हात. हप्ता चुकला तर राज्याकडून पालिकेला मिळणाऱ्या करवाट्यातूनच तो कापायची सोय होती. म्हणजे सरकार भरतंय असं दिसतं, पण पैसा पालिकेच्याच हक्काचा. शिवाय राखीव निधी होता आणि अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेची हमी होती, तीही निम्म्याच मुद्दलाला.

अनुदान वेगळं, ते परत द्यावं लागत नाही. रोख्यांचं व्याज मात्र नळधारकांच्या आणि घरमालकांच्या बिलातूनच निघतं, आणि पाणीपट्टी वाढवायला कुठलाही नगरसेवक खुशीने हात वर करत नाही.