रिदम अँड ब्लूज

रिदम अँड ब्लूज, म्हणजेच आर अँड बी, हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात साधारण १९४० च्या दशकात आकाराला आलेला संगीतप्रकार. ब्लूज, जॅझमधलं स्विंग, बूगी-वूगी पियानो आणि चर्चमधलं गॉस्पेल गाणं हे सगळं मोठ्या शहरांमधे एकत्र आलं आणि त्यातून तो उभा राहिला असं ढोबळमानाने म्हणता येतं. सोल, फंक आणि बऱ्याच अंशी रॉक अँड रोलसुद्धा त्याचीच पुढची पिढी. पॉपपेक्षा हा वेगळा कसा, हा प्रश्न आता जास्त पडतो कारण दोन्हीकडे निर्माते तेच, स्टुडिओ तेच, कित्येकदा गायकही तेच असतात. त्याचं उत्तर असं की पॉप हा मुळात पोच ठरवणारा शब्द आहे, जास्तीत जास्त लोकांना पटकन आवडेल ते पॉप, तर आर अँड बी हे घराणं आहे, त्याला स्वतःची लय, स्वतःचा गळा आणि स्वतःचे गुरू आहेत. त्यामुळे एकच गाणं दोन्ही असू शकतं, आणि सगळा गोंधळही तिथूनच सुरू होतो.

नाव आणि त्याचा वाद

हे नाव छापील चार्टवर, म्हणजे कुठली गाणी किती चालली त्याच्या क्रमवारीवर, आलं ते बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकाच्या २५ जून १९४९ च्या अंकात. त्याआधी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी निघणाऱ्या तबकड्यांना सरसकट ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचे, ही पद्धत १९२० मधे ओके कंपनीने मॅमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ काढली आणि ती धडाक्यात खपली त्यानंतरची. बिलबोर्डने १९४२ मधे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीवरून ‘हार्लेम हिट परेड’ नावाचा चार्ट सुरू केला, १९४५ मधे त्याच्या जागी ‘रेस’ हा शब्द आला आणि १९४९ मधे ‘रिदम अँड ब्लूज’. बदलाचं श्रेय तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या जेरी वेक्सलरला देतात, हाच पुढे १९५३ मधे अटलांटिक रेकॉर्ड्समधे गेला आणि या संगीताचा मोठा निर्माता झाला. पण आरसीए व्हिक्टर ही कंपनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्लूज अँड रिदम’ असा उलटा जोडशब्द वापरतच होती, म्हणजे शब्द हवेत होता. वेक्सलरचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही, पण त्याने तो शोधला म्हणण्यापेक्षा रुजवला म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

यापेक्षा मोठा वाद वेगळाच आहे: हे नाव एका संगीतशैलीचं की नुसतं एका गिऱ्हाइकाचं? रॉबर्ट पामरसारखे लेखक याला कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी केलेल्या कुठल्याही संगीतावर चिकटवलेली सरसकट पाटी मानतात. याच्या उलट अमिरी बराका १९६३ मधे लिहिताना यात एक ठोस शैली पाहतात, दणदणीत तालविभाग आणि त्याच्या वरून ओरडून गाणारा ब्लूज गायक. दोन्ही खरं आहे, पण त्या काळातल्या तबकड्या ओळीने ऐकल्या तर बराकांचं म्हणणं जास्त पटतं, कारण चार्टचं नाव नंतर कितीदा बदललं तरी (१९६९ मधे सोल, १९८२ मधे ब्लॅक, १९९० मधे परत आर अँड बी, १९९९ मधे आर अँड बी/हिप-हॉप) आतला तालाचा कणा ओळखू येत राहतो.

सुरुवात कधी धरायची यावरही एकमत नाही. काही जण लुई जॉर्डनपासून धरतात. हा आर्कान्सॉचा सॅक्सोफोनवाला, १९३८ मधे चिक वेबचा मोठा वाद्यवृंद सोडून त्याने टिम्पनी फाइव्ह नावाचा छोटा ताफा बांधला आणि जलद, गमतीदार, नाचायला लावणारा ‘जंप ब्लूज’ लोकप्रिय केला. त्याचं १९४६ चं ‘चू चू चबूगी’ कृष्णवर्णीयांच्या चार्टवर १८ आठवडे पहिलं होतं. काही जण वायनोनी हॅरिसच्या १९४८ च्या ‘गुड रॉकिन टुनाइट’पासून मोजतात, जे मुळात रॉय ब्राऊनने आदल्या वर्षी गायलं होतं. एका तारखेवर बोट ठेवण्यापेक्षा १९४५ ते १९४९ हा पट्टा धरलेला बरा.

कारणं मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. १९४० ते १९७० च्या दरम्यान सुमारे ५० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेती सोडून शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिससारख्या शहरांकडे गेली, हातात कारखान्याचा पगार होता आणि शनिवारी रात्री नाचायचं होतं. युद्धकाळात १५-२० जणांचा बिग बँड पोसणं परवडेना म्हणून ताफे पाच-सात जणांवर आले आणि गर्दीत ऐकू जावं म्हणून गिटारला वीज लागली. त्यात वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला तो मोठ्या कंपन्यांपुरता १९४४ च्या अखेरीपर्यंत चालला, तबकड्यांसाठी लागणारं शेलॅकही रेशनवर होतं, आणि मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्ष केलेल्या या बाजारात छोट्या कंपन्या घुसल्या. सिनसिनाटीत किंग, लॉस एंजेलिसमधे मॉडर्न, अलॅडिन, स्पेशॅल्टी, शिकागोत चेस, न्यूयॉर्कमधे १९४७ साली तुर्की राजदूताचा मुलगा अहमेट अर्टेगन आणि हर्ब अब्रामसन यांनी काढलेली अटलांटिक.

ताल

फरक कानाला सगळ्यात आधी इथे कळतो. चार मात्रांच्या खंडात पाश्चात्त्य संगीतातलं परंपरागत वजन १ आणि ३ वर, तर आर अँड बीत स्नेअर ड्रमचा फटका २ आणि ४ वर, याला बॅकबीट म्हणतात. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण एकदा पकडलं की अंग आपोआप हलायला लागतं. हा फटका आला कुठून? गॉस्पेल चर्चमधल्या टाळ्या हे एक उत्तर. दुसरं न्यू ऑर्लिन्सचं: तिथला ड्रमर अर्ल पामर सांगत असे की जुन्या डिक्सीलँड जॅझमधे जोरदार बॅकबीट फक्त शेवटच्या आवर्तनात यायचा, डिसेंबर १९४९ मधे फॅट्स डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ कोझिमो मॅटासाच्या जे अँड एम स्टुडिओत रेकॉर्ड करताना तोच पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. पहिलेपणाचा दावा इथेही वादाचा आहे, पण तबकडी ऐकली की फटका कसा अखंड चालतो ते स्वच्छ कळतं.

त्यापुढची गोष्ट मात्रेच्या आतल्या फोडीची. शफलमधे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडतात, म्हणून चाल लांब-आखूड, लांब-आखूड अशी येते. १९५५ मधे लिटल रिचर्ड आला तो पियानोवर उजव्या हाताने सरळ समान आठ ठोके बडवत, आणि त्याच्याशी जुळवून घेताना अर्ल पामरने शफल सोडून सरळ आठ वाजवायला घेतले. रॉक अँड रोलचा ताल म्हणतात तो बराचसा या जुळवाजुळवीतून आलाय. पुढे जेम्स ब्राऊनने १९६५ पासून उलटी दिशा घेतली, खंडाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्या ताफ्याला एकदम आणलं आणि बाकीच्या जागा बेस, गिटार, ब्रास यांच्यात वाटून टाकल्या, तो झाला फंक.

आणि सगळ्यात सूक्ष्म गोष्ट म्हणजे मात्रेच्या किंचित मागे राहणं, वादक याला ‘पॉकेट’ म्हणतात. डिअँजेलोच्या २००० सालच्या ‘वूडू’ अल्बमवर ड्रमर क्वेस्टलव्हचे ठोके आणि सोबतचा बेस जाणूनबुजून रेंगाळतात, घड्याळाला धरून बघितलं तर चुकलेत असंच वाटेल. आजच्या पॉपमधे ठोके बहुधा कॉम्प्युटरच्या जाळीवर नेमके बसवलेले असतात, त्यामुळे ते चकचकीत लागतं पण असं झुकत नाही. अर्थात नवीन आर अँड बीतही कॉम्प्युटर भरपूर आहे, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.

स्वर आणि गळा

ब्लूजचा मूळ साचा बारा खंडांचा: चार खंड षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर), दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, मग एक पंचम, एक मध्यम आणि दोन षड्ज. यातली खरी गंमत अशी की षड्जाच्या कॉर्डलाच कोमल निषाद चिकटलेला असतो. युरोपीय पद्धतीत असा कोमल निषाद म्हणजे पुढे जायची ओढ, तो सुटायलाच हवा. ब्लूजमधे तोच घर आहे, तिथेच राहायचं. ‘ब्लू नोट’ म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली, किंवा पंचमाच्या जरा खालची जागा. आपल्याकडे श्रुतींची सवय असल्याने हे समजायला सोपं जातं. पियानोवर ही जागाच नसते, म्हणून वादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम चेपतात.

गळ्याची तालीम चर्चमधली. एका अक्षरावर अनेक स्वर फिरवणं, मुरकी, हरकत, ओरडीला लागून फाटणारा आवाज, मुख्य गायकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर, हे सगळं रविवारच्या प्रार्थनेतून आलं. रे चार्ल्सने नोव्हेंबर १९५४ मधे अटलांटात ‘आय गॉट अ वूमन’ रेकॉर्ड केलं ते एका गॉस्पेल गाण्यावर प्रेमाचे शब्द बसवून, आणि धार्मिक लोक चांगलेच दुखावले. सॅम कुक सोल स्टरर्स हा गॉस्पेल गट सोडून १९५७ मधे इकडे आला, अरीथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटचे नावाजलेले धर्मोपदेशक. पॉपमधे चाल ठरलेली असते आणि गायकाने ती नीट पोचवायची. इथे शेवटच्या आवर्तनात गायक काय करतो त्यासाठीच थांबायचं असतं. पॉपचा सगळा भर हूकवर, म्हणजे डोक्यात अडकून बसणाऱ्या तुकड्यावर, आणि तो लवकर यावा लागतो.

पॉपशी येणं-जाणं

१९५० च्या दशकात फरक नुसता सुरांचा नव्हता, रंगाचा आणि पैशाचा होता. फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मधे आर अँड बी चार्टवर पहिलं, पण पॉप चार्टवर पहिला क्रमांक गेला पॅट बून या गोऱ्या गायकाच्या आवृत्तीला. ती आवृत्ती ऐकली की वेगळेपण लगेच कळतं, शब्द तेच, चाल तीच, पण घसरडे स्वर सरळ झालेत आणि मागचा रेटा गेलाय. लव्हर्न बेकरच्या ‘ट्वीडल डी’ची तर मांडणीच जशीच्या तशी उचलली गेली, मांडणीला कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं म्हणून तिने अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदा बदलायची मागणी केली. या गायकांचं जे नुकसान झालं ते नंतरच्या कौतुकाने भरून निघालेलं नाही, हे स्पष्ट लिहायला हवं.

मोटाऊनने वाट उलटी फिरवली. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन जानेवारी १९५९ मधे डेट्रॉइटला कंपनी काढली, मागे जॅझ जाणणारे फंक ब्रदर्स आणि जेम्स जेमरसनचा बोलका बेस, पुढे गोऱ्या श्रोत्यांनाही लगेच धरणाऱ्या चाली. सुप्रीम्सची बारा गाणी मुख्य पॉप चार्टवर पहिली आली. मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीचा बाज जास्त खरखरीत. पॉप आणि आर अँड बी हे दोन्ही चार्ट इतके सारखे दिसायला लागले की नोव्हेंबर १९६३ नंतर बिलबोर्डने आर अँड बीचा चार्टच बंद केला आणि जानेवारी १९६५ मधे परत सुरू करावा लागला, म्हणजे फरक नाही असं मानून बघितलं पण ते टिकलं नाही. नेल्सन जॉर्ज यांनी १९८० च्या दशकात असं मांडलं की पॉपमधे शिरण्याच्या या धडपडीत कृष्णवर्णीय संगीताने स्वतःच्या कंपन्या, रेडिओ आणि दुकानं गमावली. मांडणी कडक आहे, पण हिशेब बराचसा बरोबर वाटतो.

ब्रिटनमधे १९६० च्या सुरुवातीला आर अँड बी म्हणजे मुख्यतः शिकागोचा विजेवरचा ब्लूज, रोलिंग स्टोन्स त्यातूनच निघाले.

१९८० नंतरचा आर अँड बी हा ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि पुढे हिप-हॉपच्या जोडीने चालतो: टेडी रायलीचा न्यू जॅक स्विंग, मेरी जे. ब्लाइज, बॉइज टू मेन, नंतर एरिका बाडू वगैरेंचा निओ-सोल. व्हिटनी ह्यूस्टन नेवार्कच्या चर्चमधे गाऊन तयार झालेली, पण १९८९ च्या सोल ट्रेन पुरस्कारांत फार पॉप झाली म्हणून तिचं नाव घेतल्यावर हुर्यो उडवली गेली. २०२० मधे उलटं झालं, जस्टिन बीबरने आपला अल्बम आर अँड बी असताना ग्रॅमीने पॉप गटात घातला अशी जाहीर तक्रार केली. ग्रॅमीचीही पहिल्यापासून ओढाताणच, १९५८ चा आर अँड बी पुरस्कार गेला होता द चॅम्प्स यांच्या ‘टकीला’ या जवळजवळ शब्द नसलेल्या धूनला.

ऑक्टोबर २०१२ मधे बिलबोर्डने आर अँड बी/हिप-हॉप चार्ट मोजायची पद्धत बदलली, सगळ्या प्रकारच्या स्टेशनांवरचं प्रक्षेपण आणि डाउनलोड धरायला लागले, आणि रिहानाचं ‘डायमंड्स’ एका आठवड्यात ६६ वरून पहिल्या जागी गेलं. आर अँड बी ऐकणाऱ्या लोकांनी ते अचानक उचललं असं काही नव्हतं, पॉप स्टेशनांची बेरीज त्यात पडली. त्यामुळे तेव्हापासूनचा हा चार्ट शैलीचा पुरावा म्हणून जपूनच वापरावा.

भारतात या संगीताआधीचं स्विंग पोचलं होतं. कृष्णवर्णीय पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमधे वाजवत असे, आणि गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या हिंदी चित्रपटगीतांमधे वाजवू लागला. १९५१ च्या ‘अलबेला’तला उसळता ब्रास लुई जॉर्डनच्या जगाला जवळचा लागतो, मात्र त्याला आर अँड बी न म्हणता स्विंगचीच शाखा म्हणावं.